केडगावचे मुक्ती मिशन : श्रद्धेचा जमाखर्च

पंडिता रमाबाई मुक्ती मिशन ही संस्था पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात, पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगाव येथे आहे. निराधार स्त्रिया व मुले यांना आसरा, शिक्षण आणि काम देणे हे तिचे कार्य. मुक्तीचा आरंभ सप्टेंबर १८९८ पासून धरतात, पण संस्थेचे मूळ त्याआधी नऊ वर्षे मुंबईत सुरू झालेल्या शारदा सदनात आहे. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ होते, तर मुक्ती उघडपणे ख्रिस्ती होती. या दोन घरांमधले अंतर कसे पडले आणि ते कापताना कोणी काय गमावले, हाच संस्थेच्या आरंभकाळाचा मुख्य विषय आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल धर्मसभेपुढे जाबही दिला. पुढे लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. पुराणे सांगत देशभर फिरणाऱ्या या कुटुंबाला १८७० नंतरच्या दुष्काळाने गाठले. आईवडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह जातीबाहेरचा होता. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या आरंभी पटकीने पती वारले. पुण्यात येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली, तेव्हा त्यांचे वय चोवीस होते.

पुण्यात त्यांची गाठ इंग्लंडमधल्या वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या अँग्लिकन भगिनींशी पडली. नीलकंठशास्त्री ऊर्फ फादर नेहेमिया गोरे यांच्या लेखनाचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. १८८३ मध्ये त्या वैद्यकी शिकण्यासाठी इंग्लंडला गेल्या, पण कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक घर चालवत. तिथे जे पाहिले त्याने रमाबाई हलल्या. अशा स्त्रियांना जवळ करण्याची शिकवण आपल्याला कोणत्याही शास्त्रात भेटली नव्हती, असे त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदवले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. तत्पूर्वीच, बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांचा तिथे करुण अंत झाला होता. त्यामुळे त्या परक्या देशात रमाबाईंजवळ मनोरमेवाचून आपले असे माणूस उरले नव्हते.

बाप्तिस्म्याची बातमी महाराष्ट्रात पोहोचली तेव्हा कालपर्यंत कौतुक करणारी वृत्तपत्रे उलटली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकांत त्यांची बाजू घेतली. इंग्लंडमध्येही सारे सुरळीत नव्हते. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. त्रैक्याच्या सिद्धांतावरून त्यांचा वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार झाला. एका धर्ममार्तंडांच्या सत्तेतून सुटून दुसऱ्यांच्या हाती जाण्याची आपली तयारी नाही, असा या पत्रांचा रोख आहे. त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, पांढरे लुगडे नेसत राहिल्या आणि स्वतःला कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत त्यांनी बसवले नाही. पुढे मुक्ती मिशन कोणत्याही एका चर्चच्या अखत्यारीत गेले नाही, त्याची बीजे या पत्रांत आहेत.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळाले. विधवागृहात धर्मप्रसार होणार नाही, मुलींच्या रीतीभातींना धक्का लागणार नाही, ही तिची अट होती. या अटीवर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी होत्या. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये त्यांच्याशी पुनर्विवाह केला. आनंदीबाई कर्वे झाल्यावर त्यांनी लिहिलेल्या ‘माझे पुराण’ या आत्मकथनात सदनातल्या दिवसांचे वर्णन आहे. खर्च परवडेना म्हणून १८९० च्या अखेरीस सदन पुण्यात आले. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक त्याच्या सल्लागार मंडळात होते.

पुण्यात संकट उभे राहिले ते एका उघड्या दारावरून. १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या अंतःकरणात मोठा पालट झाला. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्त आपल्याला अजून भेटलेला नव्हता, असे त्यांना वाटू लागले. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्म पटला होता, आता त्याने मन व्यापले. त्या रोज पहाटे आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करत आणि खोलीचे दार लावत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. हा नियमाचा भंग आहे, असे टीकाकार म्हणत. मी कोणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणारही नाही, असे रमाबाईंचे म्हणणे. ‘केसरी’ने हे प्रकरण लावून धरले. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली सदनातून काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंकडे विचार करण्याजोगे काही होते. तटस्थतेचे वचन देऊन मुली घेतल्या होत्या, पालकांनी त्या वचनावर विश्वास ठेवला होता, आणि ज्या व्यक्तीवर मुलगी सर्वस्वी अवलंबून आहे तिची प्रार्थना ही केवळ खाजगी बाब राहत नाही. रानडे-भांडारकरांसारखी माणसे आकसाने बाजूला झाली असे म्हणता येत नाही. उलट, स्वतःच्या घरात दार बंद करून चोरून देवाचे नाव घ्यावे, ही अट रमाबाईंना मान्य होण्यासारखी नव्हती. पुण्यात स्त्रीशिक्षणाचे काम करणाऱ्यांत त्यांना बरोबरीचे सोबती होते ते या एका निर्णयाने गेले आणि परत आले नाहीत. याहून मोठी किंमत काढून नेलेल्या मुलींनी दिली. त्यांपैकी पुष्कळ जणींचे शिक्षण तिथेच थांबले असणार, आणि त्यांना मत विचारले गेले नव्हते.

बोस्टनच्या मदतीची दहा वर्षे १८९८ मध्ये संपणार होती. पुढची सोय म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे सुमारे १०० एकर माळजमीन घेतली. फळबाग लावावी, विहिरी खणाव्यात आणि बागेच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा हिशेब होता. १८९६ मध्ये लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांच्या शिबिरसभेत त्या आपल्या पंधरा मुलींसह गेल्या होत्या. या पंधराच्या पंधरापट मुली दे, म्हणजे २२५, असे मागणे आपण देवाजवळ मागितले, असे त्यांनी लिहिले आहे. तेव्हा इतक्या जणींना ठेवण्यापुरते घर त्यांच्याजवळ नव्हते.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तिथली वर्णने वाचून रमाबाईंना स्वतःच्या आईवडिलांचे मरण आठवले आणि त्या गेल्या. अन्नछत्रांभोवतीच्या गर्दीत तरुण विधवा आणि पोरक्या मुलींवर दलालांचा डोळा असे. खायला देतो म्हणून त्यांना नेले जाई. तिथून त्यांनी तीनशेच्या आसपास स्त्रिया आणि मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग शिरला होता. इतक्या माणसांना शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केल्यामुळे सगळा मेळा केडगावच्या माळावर, तंबूंत आणि गवताच्या झोपड्यांत राहिला. फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर अशी वस्ती झाली. १८९७ मध्ये प्लेगच्या छावण्यांत स्त्रियांची कशी आबाळ होते याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहिले. ते प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. चार वर्षांपूर्वी त्यांना देशद्रोही ठरवणाऱ्या पुण्याला हे पत्र सोयीचे वाटले, हेही नमूद केले पाहिजे.

सप्टेंबर १८९८ मध्ये केडगावला मुक्ती सदनाची वास्तू उभी राहू लागली. १९०० मध्ये गुजरात-राजपुतान्यात दुष्काळ पडला तेव्हा मुक्तीतल्या मुलीच मदतकार्यासाठी तिकडे गेल्या. हजाराहून अधिक नव्या मुली आल्या आणि एकूण संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. शारदा सदनात बहुतेक मुली ब्राह्मण होत्या आणि त्यांचे सोवळेओवळे सांभाळले जाई. दुष्काळाने आणलेल्या मुली अनेक जातींच्या आणि अनेक भाषांच्या होत्या. इतक्या जणींच्या वेगळ्या पंगती मांडणे शक्यच नव्हते आणि रमाबाईंना ते नकोही होते.

दोन हजार माणसांचा संसार भजनावर चालत नाही. शेती, गोठा, तेलाचा घाणा, माग, शिवणकाम, धुलाई, वेतकाम आणि भटारखाना ही सगळी खाती स्त्रियांनी चालवली. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून पुस्तकबांधणीपर्यंत सारे काम मुलींच्या हातचे होते, आणि त्या काळच्या मराठी मुद्रणव्यवसायात हे दुर्मिळ होते. शारदा सदन शाळा म्हणून पुढे चालू राहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, मुलांसाठी सदानंद सदन अशी घरे झाली. अंध स्त्रियांच्या घराला शुभवर्तमानातल्या बार्तिमय या आंधळ्याचे नाव मिळाले. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेऊन या स्त्रियांना वाचन शिकवले.

पैशाच्या बाबतीत रमाबाईंचा आदर्श जॉर्ज म्यूलर आणि हडसन टेलर यांचा होता. कर्ज काढायचे नाही, पगार घ्यायचा नाही, माणसाजवळ हात पसरायचा नाही, गरज देवापुढे मांडायची. ‘मुक्ती प्रेयर बेल’ हे संस्थेचे इंग्रजी पत्रक मात्र परदेशी मित्रांच्या हाती पडत असे आणि संस्थेच्या गरजा त्यात छापलेल्या असत. तेव्हा ‘कोणाला मागितले नाही’ याचा अर्थ ‘कोणाला कळवले नाही’ असा घेऊ नये. तरी पुढच्या महिन्याची खात्री नसताना मुलगी दारात आली तर तिला परत पाठवले जात नसे, हे खरे.

जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी जमणारा एक गट सुरू केला. वेल्समध्ये झालेल्या संजीवनाच्या, म्हणजे धर्मजागृतीच्या, बातम्या तेव्हा येत होत्या, आणि लवकरच खासी टेकड्यांतही तसेच काही सुरू झाले. सत्तर जणींचा हा गट जूनपर्यंत साडेपाचशेवर गेला. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी मिनी अब्रॅम्स १८९८ पासून मुक्तीत काम करत होत्या. त्यांनी गावोगाव सुवार्ता सांगायला जाण्यासाठी स्वयंसेविका मागितल्या तेव्हा मोठ्या मुली पुढे आल्या. जूनच्या अखेरीस एका पहाटे त्यांपैकी एक मुलगी प्रार्थना करताना ओरडून उठली. शेजारच्या मुलीला ती पेटलेली दिसली म्हणून तिने धावत जाऊन पाण्याची बादली आणली. ओतणार एवढ्यात तिच्या लक्षात आले की आग कुठेच नाही. मुक्तीच्या इतिहासात ही घटना सर्वांत जास्त वेळा सांगितली गेली आहे. दुसऱ्या दिवशी, ३० जूनला, रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून देत असताना मुली रडू लागल्या, मोठ्याने पापे कबूल करू लागल्या. वर्ग थांबवावे लागले. पुढे अनेक दिवस शाळा आणि कारखाना यांच्या जागी प्रार्थनाच चालू होत्या.

या संजीवनाचे दोन पैलू ध्यानात घ्यावे लागतात. एक म्हणजे आवाज. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत. कोणी थरथरत, कोणी नाचत, काही अनोळखी भाषांत बोलत. पुण्या-मुंबईतल्या काही मिशनऱ्यांना हा उन्माद वाटला. ‘प्रेयर बेल’मधून रमाबाईंनी उत्तर दिले. हिंदी माणसाने भक्तीत रडावे, डोलावे यात परक्यांनी गैर मानण्याचे कारण नाही, आणि पवित्र आत्म्याने कसे वागावे हे ठरवण्याचा अधिकार आपल्यालाही नाही, असा त्याचा आशय होता. कीर्तन-भजनाच्या देशात वाढलेल्या पुराणिकाच्या मुलीने हे म्हणावे यात नवल नाही. स्वतः रमाबाई मात्र अनोळखी भाषांत बोलल्या नाहीत, आणि तसे बोलणे हीच आत्म्याची एकमेव खूण आहे, असेही त्यांनी मानले नाही.

दुसरा पैलू म्हणजे फलित, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक मोलाचे आहे. सात-आठ वर्षांपूर्वी दुष्काळातून हाडांच्या सापळ्यासारख्या आलेल्या मुली आता टोळ्या करून पाळीपाळीने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. गावकऱ्यांनी त्यांना शिव्या दिल्या, कुठे दगडही मारले. आल्यावर त्यांनी पुन्हा आपापली कामे हाती घेतली. भुकेल्या पोरीने आश्रयदात्याचा धर्म स्वीकारणे हे कितपत स्वेच्छेचे, असा प्रश्न मुक्तीला नेहमी विचारला गेला. १८९७ च्या तंबूंपुरता तो निरुत्तर करणारा आहे. १९०५ मध्ये मात्र या मुलींना घर, अन्न आणि हुन्नर आधीच मिळालेला होता. त्यांनी पत्करलेल्या उन्हातल्या पायपिटीतून आणि अपमानांतून ऐहिक लाभ काही होणार नव्हता.

या घटनांचा माग महाराष्ट्राबाहेरही लागतो. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर एप्रिल १९०६ मध्ये सुरू झालेली चळवळ पेंटेकॉस्टल पंथांचे उगमस्थान मानली जाते. मुक्तीतले संजीवन त्याच्या आधीचे असल्यामुळे, या पंथांचा उगम एकाच जागी शोधावा का, असा प्रश्न अभ्यासक करतात. अब्रॅम्स यांनी १९०६ मध्ये या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली. त्यांनी ती चिलीतील वाल्पाराइसो येथे असलेल्या आपल्या जुन्या सहाध्यायिनी मे हूव्हर यांना पाठवली. मे आणि विलिस हूव्हर या दांपत्याच्या मेथडिस्ट मंडळीत १९०९ मध्ये झालेल्या जागृतीतून चिलीची पेंटेकॉस्टल चर्चे निघाली.

संजीवनानंतरच्या वर्षांत रमाबाईंनी स्वतःला एका कामाला जुंपले होते. प्रचलित मराठी बायबलची भाषा खेड्यातल्या, नुकत्याच वाचायला शिकलेल्या बाईला जड जाते, असे त्यांचे मत होते. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळे बायबल मुळातून सोप्या मराठीत आणायला बसल्या. मुक्तीतल्या मुली मजकूर जुळवत, मुद्रिते काढत आणि रमाबाई तपासत. हे काम पंधरा वर्षांहून अधिक चालले. एका व्यक्तीने केलेल्या भाषांतराच्या मर्यादा त्यात आहेत आणि चर्चमध्ये ते रूढ झाले नाही. पण संपूर्ण बायबलचे भाषांतर एका स्त्रीने करावे आणि ते स्त्रियांनीच छापावे, याला मराठीत दुसरे उदाहरण नाही.

संस्था पुढे मनोरमाबाईंच्या हाती जाईल असे सगळे धरून चालले होते. आईचा धर्म, आईचे काम आणि आईच्या कीर्तीचे ओझे तिने लहानपणापासून वाहिले होते. काही वर्षे आईपासून दूर, परदेशात शिकण्यात गेली. परत आल्यावर ती शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली. १९१२-१३ च्या सुमारास गुलबर्ग्याला मुलींची ख्रिस्ती शाळा काढण्यातही तिचा हात होता. तिची प्रकृती पहिल्यापासून नाजूक होती आणि विश्रांती तिला मिळाली नाही. २४ जुलै १९२१ रोजी, चाळिशी नुकतीच उलटलेली असताना, मिरजेच्या रुग्णालयात ती वारली. रमाबाईंच्या जीवनाविषयी लिहिताना मनोरमेचा उल्लेख बहुधा ‘साहाय्यक’ म्हणून उरकला जातो. पण मुक्तीसाठी जे खर्ची पडले त्यात हे आयुष्य पहिल्या ओळीत लिहिले पाहिजे.

सरकारने १९१९ मध्ये रमाबाईंना कैसर-ई-हिंद पदक दिले होते. बायबलची शेवटची मुद्रिते हातावेगळी झाली, आणि मुलीमागोमाग आठ-साडेआठ महिन्यांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे निधन झाले. छापलेले संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

संस्थापिकेच्या पश्चात संस्था टिकेल की नाही, ही शंका रास्त होती, कारण सगळे एका व्यक्तीभोवती उभे होते. ती टिकली. कारभार दीर्घकाळ परदेशी आणि भारतीय कार्यकर्त्यांनी मिळून चालवला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका येथे साहाय्यक मंडळे होती. स्वातंत्र्यानंतर जबाबदारी हळूहळू भारतीयांच्या हाती आली. दुष्काळाच्या काळातल्या मोठ्या सामाईक निवासांच्या जागी मुलांना लहान लहान कुटुंबांसारख्या गटांत वाढवण्याची पद्धत आली. देवदत्त नारायण टिळक यांचे ‘महाराष्ट्राची तेजस्विनी पंडिता रमाबाई’ हे चरित्र १९६० मध्ये, आणि अ. भि. शहा यांनी संपादित केलेला रमाबाईंचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर १९८९ मध्ये, शारदा सदनाच्या शताब्दी वर्षी, भारतीय टपाल खात्याने रमाबाईंचे तिकीट काढले. केडगावच्या आवारात निराधार स्त्रिया, मुले आणि अंध स्त्रिया यांची घरे, शाळा आणि रुग्णसेवा आजही चालू आहे.